पोत्यावरचा मासा

असं समज, की तू मासा आहेस. हातभर लांब, रुपेरी, पाठीवर जरा काळपट. डोळे मीट म्हणालो असतो, पण माशाला पापण्या नसतात, तेव्हा उघडेच ठेव. तू रोहू आहेस. आता पोटावर हात ठेवून बघ. माणसाच्या पोटात जेवलेलं साठवून ठेवणारी एक पिशवी असते, तिला जठर म्हणतात. तुला ती नाही. घसा संपला की थेट आतडं सुरू होतं, आणि ते घडीवर घडी पडून तुझ्या लांबीच्या दहापट आत भरलेलं असतं. साठवायला जागा नाही म्हणून तू दिवसभर चरतोस, एक कण इथला, एक कण तिथला. आणि त्या लांबलचक आतड्यात तू एकटा नाहीस. घरी संध्याकाळी दुधाला चमचाभर ताक लावतात आणि सकाळी दही झालेलं असतं, ते काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात, हे तुला शाळेत सांगितलं असेल. तसलेच तुझ्या आतड्यात राहतात. तू खाल्लेलं फोडून ते तुझ्या अंगी लावतात. आता समज, कुणी तुला असं काही खायला घातलं, की तुझं ते विरजणच मेलं. घाई करू नकोस, नीट डोक्यात येऊ दे. किसनच्या डोक्यात ते यायला सव्वा महिना लागला, आणि ज्या शनिवारी ते आलं त्या शनिवारपासून त्याचा जबडा दुखत होता.

एकोणऐंशी सालचा फेब्रुवारी. किसन भोसरीच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात तपासणी खोलीत मदतनीस होता. पहिली शिफ्ट सुटायला अर्धा तास उरला असताना जयसिंगरावांनी त्याच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद ठेवला. पलीकडच्या शेडमध्ये भरडणी चालू होती, तिच्या धक्क्यानं टेबल थरथरत होतं आणि कागद आपोआप बोटभर किसनकडे सरकला. त्यावर त्याच्या गावाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, ‘पाझर तलावातील मासे मरण्याचे कारण : पाणी दूषित. तलावाच्या कडेस वस्तीतील लोकांचे कपडे धुणे व अन्य वापर.’ त्याखाली टिंबांची ओळ आणि ओळीखाली किसनचं नाव. तो ‘अन्य’ या शब्दापाशी थांबला. पुढं वाचायला काही नव्हतंच, पण असतं तरी त्याला वाचता आलं नसतं. कपडे धुणे समजलं. अन्य म्हणजे काय? कुणी बघितलं अन्य? त्याची आई त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून लुगडं आपटत उभी आहे आणि कुणीतरी लांबून तिच्याकडे बघत ‘अन्य’ असं टाइप करतंय, असं त्याला दिसलं, आणि जिभेखाली लोखंडाची चव आली.

“तुझंच गाव ना रे हे?” जयसिंगराव म्हणाले. खाद्य खपवण्याचं काम त्यांच्याकडे होतं, अंगाला नेहमी अत्तराचा वास, कारण नुसत्या मासळीच्या भुकटीच्या वासात गिऱ्हाईक जवळ येत नाही असं ते म्हणत. “तुझी सही असली म्हणजे बरं. गावाला विश्वास वाटेल.”

“पाणी मीच तपासलं साहेब. पाण्यात काही नाही.”

“एका बाटलीत काय कळतंय?”

“मासे कुणी कापून बघितले का?”

“तू काय माशांचा डॉक्टर आहेस का?” जयसिंगराव हसले. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं म्हणाले, “हे बघ किसन, तुझा परमनंटचा कागद सोमवारीच वर जातोय. हा पण सोमवारी दे. दोन्ही एकदमच नेतो.”

ते गेल्यावर तो बराच वेळ दौतीकडे बघत बसला. राग माणसाला उभा करतो, पण त्या रागालाच त्यानं खाली बसवलं होतं. कारण याच टेबलावर, याच दौतीतून, त्यानं आधी एक सही केली होती. गेल्या पावसाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली होती. तळेगावपासून चाकणपर्यंत शेडच्या शेड ओस पडल्या, आणि कारखान्यात कोंबडीखाद्याची पोती छपरापर्यंत साचली. तेव्हा जयसिंगरावांनी माशाचं चित्र असलेली लेबलं छापून आणली. चाळणीवरच्या बायांनी खळ लावून ती कोंबडीच्या चित्रावर डकवली. लेबल जरा आखूड पडलं, म्हणून प्रत्येक पोत्यावर माशाच्या डोक्यावर लाल तुरा दिसत राहिला. बाया त्यावरून दिवसभर खिदळल्या. किसनही हसला होता. आणि मग त्यानं ‘मत्स्यखाद्य म्हणून योग्य’ अशा कागदावर सही केली होती, नुसती केली नव्हती, ऐटीत केली होती, कारण पहिली पोती त्याच्या गावाला जाणार होती आणि वस्तीतल्या पोराची सही असलेला कागद गावच्या सोसायटीच्या भिंतीवर लागणार होता. त्या पोत्यांमध्ये मक्याचा भरडा होता, पेंड होती, आणि जंतू मारणाऱ्या औषधाची पूड होती. चिमूट चिमूट दिली की कोंबडीची पिलं लवकर वजन धरतात, म्हणून घालायची. हे त्याला ठाऊक होतं. तीच पूड माशाच्या आतड्यात काय करील, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नव्हता. आणि हे त्याला कळायला हवं होतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला होता, तेव्हा कामगार दवाखान्यातल्या डॉक्टरनं आठ दिवस कॅप्सूल दिल्या होत्या. ताप उतरला आणि पोट गेलं. खाल्लेला भात तसाच्या तसा बाहेर. “औषधानं चांगले जंतूही मारले,” डॉक्टर म्हणाले होते, “ताक पी, भरपूर ताक.” तो खाटेवर पडून ताक प्यायला होता, त्याची थंड आंबट धार छातीतून खाली जाताना त्याला जाणवत होती. इतकं सगळं अंगावरून गेलं होतं. आणि तरी त्यानं ऐटीत सही केली.

रविवारी सकाळी तो दहा वर्षांच्या लेकीला, कस्तुराला, घेऊन एसटीत बसला. बायको बाळंतपणाला माहेरी होती आणि पोरीला पिंपरीच्या खोलीत एकटं ठेवता येत नव्हतं. खिशात दाढीचं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं. कस्तुरा खिडकीशी बसून ‘दादा, दादा’ करत बापाला प्रश्न विचारत होती आणि तो उत्तरं देत होता, कारण पोरीला उत्तर न देता गप्प करणं त्याला कधी जमलं नव्हतं. मासे पाण्यात बुडून का मरत नाहीत. रोहू काय खातो. मग त्याचं पोट कुठं असतं. नसतं? म्हणजे काय, नसतं? त्यानं तिला सांगितलं, तुला मघाशी सांगितलं तसंच, विरजणासकट. तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघितला. “म्हणजे त्याला कळत नाही, बास झालं म्हणून?” “कळायला उशीर होत असेल.” “मग देणाऱ्यानं थांबायला पाहिजे,” ती म्हणाली, आणि बाहेर ऊस दिसला तसं ते विसरूनही गेली. तो विसरला नाही. देणाऱ्यानं. त्याला ते सगळे हात दिसायला लागले. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिलं, ती श्रावणात तळ्यात सोडली तेव्हापासून गावाला माशांचं वेड लागलं होतं. संक्रांतीनंतर कारखान्याची पोती आली आणि गावात एक नवीच रीत पडली. कुणाकडेही पाहुणा आला, की चहा झाला रे झाला त्याला तळ्यावर न्यायचं आणि त्याच्या हातानं एक मूठ टाकायला लावायची. जावई असेल तर पहिला मान त्याला. व्याही असतील तर दोन मुठी, आग्रहाची तिसरी. माघातल्या जत्रेत तर तळ्याच्या काठावर रांग लागली होती, पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, मासे एकमेकांच्या पाठीवर चढत होते आणि माणसं लहान मुलांसारखी ओरडत होती. किसन त्या दिवशी गावातच होता. वस्तीतली माणसं लांब उभी राहून बघत होती. त्यांच्या हातात कुणी मूठ दिली नाही. तेव्हा त्याला फक्त एवढंच लागलं होतं, की आपल्या सहीनं आलेलं खाद्य आपल्या आईच्या हातात कुणी देत नाही. आता एसटीच्या खिडकीचा गज मुठीत धरून बसलेल्या त्याला कळत होतं, की ज्यांच्या हातून एक दाणा त्या पाण्यात पडला नाही, तेवढ्यांनाच आता जाब विचारला जाणार होता.

कुरुळीच्या फाट्यावर उतरून ते निघोज्याच्या अंगानं चालत निघाले. ऊन चढत होतं. कस्तुरा पुढं पुढं पळत होती. तळं अजून दिसायचं होतं, पण वास आला. मेलेल्या माशांचा वास त्याला रोजचा होता, कारखान्यात तो पोत्यांनी यायचा, वाळलेला, दळलेला. हा ओला होता. त्यानं पोरीला नाकावर फडकं धरायला सांगितलं आणि वाट सोडून आधी वस्तीकडे वळला.

गोजाबाई, त्याची आई, दाराशी बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “आलास व्हय? पोरीला पानी देऊ नगंस. माठात आडाचं हाय, खारट.”

“तळ्याचं का नाही आणलं?”

“परवापासनं जायचं न्हाई म्हनलंय.”

“कोण म्हणालं?”

“कोन म्हनंल? आमच्या अंगाच्या उतरावर बाभळीच्या काट्या टाकल्यात. त्या म्हनल्या.” तिनं एक खडा उचलून लांब फेकला. “मासं माझ्या धुण्याचं पानी प्यालं आन मेलं म्हनं. लईच नाजूक जात म्हनायची.”

कस्तुरा हसली. गोजाबाईही हसली, दात नसलेल्या तोंडानं, आणि तेच किसनला सहन झालं नाही. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याचा राग तिच्या रागात मिसळून जरा पातळ झाला असता. बहात्तरच्या दुष्काळात हे तळं सरकारनं खोदायला घेतलं, तेव्हा वस्तीतल्या तेवीस बाया कामावर होत्या. गोजाबाई त्यांत होती. दगड फोडायचा, माती पाटीत भरायची, डोक्यावर घेऊन बांधावर चढायचं, दुपारी सुकडीची वाटी. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या केसांतून माती गळायची आणि ती म्हणायची, उद्या पाऊस पडला की हितं पानी व्हईल, बघ. गावातल्याही बाया होत्या, पण दुष्काळात कोण कुणाच्या हातची पाटी घेतं ते कुणी बघत नव्हतं. बघायला जीव नव्हता. पाणी आलं आणि बघायला जीव आला. तरी सहा वर्षं तळं सगळ्यांचं होतं, निदान कडेकडेनं होतं, हे त्यानं खूण म्हणून मनाशी धरून ठेवलं होतं. पिंपरीत मित्रांना तो सांगायचा, आमच्याकडे आता तसं काही राहिलं नाही. किती वेळा सांगितलं होतं. छपराच्या वाशाला धरून उभा असताना त्याला त्या प्रत्येक वेळेची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे न कळून तो माठातलं खारट पाणी घटाघटा प्यायला.

तळ्याच्या बांधावर दहा-बारा माणसं होती. नानासाहेब, सोसायटीचे चेअरमन, गावातलं जुनं शेतकरी घर, पांढरी टोपी हातात घेऊन दगडावर बसले होते. ते खरोखर दुःखी होते. हे किसनला लगेच दिसलं आणि ते दिसू नये असं त्याला वाटलं. पाण्यावर रोहू तरंगत होते, पांढऱ्या पोटांनी, शेकड्यांनी, वाऱ्यानं सगळे एका काठाला लागलेले. नानासाहेबांच्या बाजूला त्यांचा पुतण्या भैरू काठीनं एकेक मासा बाहेर ओढत होता.

“या,” भैरू म्हणाला. “शिकल्यालं मानूस आलं. आता मड्याची नाडी बघनार.”

“बघतो,” किसन म्हणाला. त्यानं एक मासा उचलला, ताज्यातला ताजा, डोळे अजून स्वच्छ असलेला. सपाट दगडावर ठेवला, ब्लेड काढलं. कस्तुरा त्याच्या खांद्याशी उकिडवी बसली. कापता कापता तो तिच्याशी बोलायला लागला. हे बघ, शेपटीकडून डोक्याकडे कापायचं, खोल नाही, नाहीतर आतडं फुटतं. ही हवेची पिशवी. हे काळपट ते यकृत. आणि हे. त्यानं बोटानं वेटोळं बाहेर घेतलं. चांगलं आतडं जाड असतं, दोरीसारखं हाताला लागतं. हे ओल्या कागदासारखं होतं. आरपार दिसत होतं, मध्ये मध्ये लाल ठिपके, आणि आतून पिवळा चिकट बुळबुळीतपणा. आणि त्या चिकट्यात मक्याच्या भरड्याचे कण, जसे पोत्यातून निघाले तसेच, कडाही न झिजलेले. त्याला खाटेवरचे ते आठ दिवस आठवले, तो तसाच्या तसा भात.

“मक्का,” कस्तुरा म्हणाली.

“हो. पोट भरून खाल्लं, आणि उपाशी मेला.”

माणसं जवळ आली होती. याच वेळी बांधाखाली जीप थांबली आणि जयसिंगराव रुमालानं नाक दाबत वर चढले. सोमवारची वाट बघणं त्यांना बरं वाटलं नसावं. “किसन, इथं काय कसाईखाना मांडलाय?” ते हसत म्हणाले, आणि मग नानासाहेबांना नमस्कार करून म्हणाले, “रिपोर्ट तयार आहे नानासाहेब. पाण्याचा दोष. तुमच्याच गावच्या माणसाची सही घेऊन देतो.” त्यांनी त्याच कागदाची दुसरी प्रत काढली, पेन उघडून पुढं केलं.

किसन उभा राहिला. हाताला पिवळा बुळबुळीतपणा होता, तो त्यानं पुसला नाही. वाक्य त्यानं एसटीत दहा वेळा जुळवलं होतं, ते सगळं निघून गेलं. “नानासाहेब,” तो म्हणाला, “सोसायटीच्या भिंतीवर जो कागद लावलाय, हे खाद्य माशांना योग्य म्हणून, त्यावर माझी सही आहे. ती खोटी आहे. हे कोंबडीचं खाद्य आहे. यात जंतू मारायचं औषध आहे, त्यानं माशाचं आतडं गेलं. आणि आपण सगळ्यांनी, पाहुण्यांनी, जावयांनी, मुठी मुठी घातलं. मला ठाऊक असायला पाहिजे होतं. या दुसऱ्या कागदावर मी सही करत नाही.”

“मग उद्या येऊ नकोस,” जयसिंगराव म्हणाले, अजूनही हसत.

“नाही येत.”

क्षणभर त्याला हलकं वाटलं. जबडा दुखायचा थांबला. त्याला वाटलं, झालं, आता नानासाहेब उठतील, काट्या काढायला सांगतील. नानासाहेब उठले नाहीत. त्यांनी वाकून त्या आतड्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणापासून जनावरं राखलेला माणूस, आजारी आतडं त्यांना कळत होतं. “आतडं गेलंय, खरं हाय,” ते सावकाश म्हणाले. “पर किसन, खाद्यानं गेलं का पान्यानं, हे कसं म्हनायचं? मासा पान्यातच ऱ्हातो, पानीच पितो. पानी वंगाळ आसंल तर आतडं न्हाई का सडनार?”

किसनला ठाऊक होतं, पूर्ण ठाऊक होतं, अंगानं ठाऊक होतं, पण दाखवायचं काय? सूक्ष्मदर्शक भोसरीत, कुलपाच्या आत. पाण्याचा तपास कागदावर, आणि त्या कागदावरही त्याचीच सही, जिला त्यानं आत्ताच स्वतःच्या तोंडानं खोटं ठरवलं होतं.

“त्यो काय बोलनार दुसरं,” भैरू म्हणाला. “त्याची आय धुती हितं. वस्तीचं मानूस वस्तीचीच बाजू घेनार.”

माणसं एकेक करून माना डोलवायला लागली. भैरूच्या वाक्यावर सगळ्यांची सही पडत चालली आहे, असं किसनला वाटलं. खरं सांगितलं आणि ते खरं त्याच्या तोंडातून आलं म्हणूनच त्याचं मोल गेलं. उलट त्यानं जयसिंगरावांच्या कागदावर सही करून सांगितलं असतं, की पाणी घाण, माझी आई घाण, तर हाच भैरू म्हणाला असता, बघा, त्यांचाच माणूस कबूल करतोय, शिकलेला आहे. खोटं बोलायला त्याची जात चालत होती. त्याच्या कानात रक्ताचा आवाज भरला. हातातलं ब्लेड त्यानं इतकं घट्ट धरलं होतं, की अंगठ्यातून रक्त आलं आणि माशाच्या पांढऱ्या पोटावर ठिबकलं, आणि त्याला एक क्षण भयंकर विचार आला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. त्यानं ब्लेड खाली ठेवलं.

“दादा,” कस्तुरा म्हणाली. ती आता त्याच्याजवळ नव्हती. बांधाच्या टोकाशी उभी राहून खाली, वस्तीच्या अंगाला बघत होती. “ते का नाही मेले?”

“कोण?”

“ते तिकडचे.”

वस्तीच्या बाजूला, काट्या टाकल्या होत्या त्याच्या खाली, मुरूम काढलेला एक खड्डा होता, चांगला खोलीभर लांबरुंद. पावसाळ्यात तो तळ्यातच बुडून जायचा. दिवाळीनंतर पाणी उतरलं की मध्ये हातभर चिखलाची पट्टी उघडी पडायची आणि खड्ड्यातलं पाणी वेगळं राहायचं, त्यात अडकलेल्या बोटुकलीसकट. वस्तीतल्या बाया त्याच खड्ड्याच्या दगडांवर कपडे आपटायच्या. गावातलं कुणी त्या अंगाला फिरकत नव्हतं, पाहुण्यांना तर तिकडं नेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळं खाद्याची एक मूठही त्या पाण्यात पडली नव्हती. तिथे एकही पांढरं पोट तरंगत नव्हतं. उन्हात पाण्याखाली काहीतरी वळलं, मग दुसरं वळलं.

“कुठं?” नानासाहेब म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवून पहिल्यांदा उठून उभे राहिले.

कस्तुरानं उत्तर दिलं नाही. ती घसरत बांध उतरली. बाभळीची फांदी दोन्ही हातांनी धरली, काटा रुतला तसा “आई गं” म्हणाली, पण सोडली नाही. फांदी ओढून बाजूला टाकली. दुसरी टाकली. मग परकर खोचून पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत, आणि तिथं थांबली. गढूळ झालेलं पाणी निवळायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ती हलली नाही. बांधावरही कुणी हललं नाही. मग तिनं परकराचा घेर पाण्याखाली पसरला, वाकली, आणि एकदम उचलला. पहिल्यांदा नुसतं पाणी आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं घेर छातीशी आवळून धरला आणि त्यातून एक रोहू काढला, तळ्यातल्यापेक्षा निम्मा, रोडका, पण असा उसळत होता, की तिला दोन्ही हातांनी कल्ल्यांमागे धरून ठेवावा लागला.

किसन ब्लेड उचलून खाली निघाला. तिनं मान हलवली.

“तुम्ही नको, दादा,” ती म्हणाली. मग नानासाहेबांकडे बघून, वर्गात पाढा म्हणावा तशा आवाजात म्हणाली, “आजोबा, तुम्ही या. तुम्हीच कापा. नाहीतर मागनं म्हणाल, आम्ही काहीतरी केलं.”

भैरू काहीतरी बोलायला गेला, नानासाहेबांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

कस्तुरा मासा धरून तशीच उभी राहिली. नानासाहेबांनी पायांतल्या वहाणा काढून धोतर वर खोचेपर्यंत ती त्या पाण्यातून बाहेर आली नाही.